मूळ प्रत, दोन झेरॉक्स

नाथू ला खिंड सोमवारी आणि मंगळवारी पर्यटकांना बंद असते. बहुतेकांना ही बातमी गंगटोकला पोचल्यावर, रविवारी रात्री, हॉटेलच्या काउंटरवर कळते. मग 'अरे, आधी सांगायचं ना' असं एकमेकांना म्हणून ती मंडळी दुसऱ्या दिवशी रोपवेत बसायला जातात. आमच्या नानांना हे डोंबिवलीत बसून गणपतीच्या आधीच माहीत होतं. जायचं होतं एप्रिलमध्ये.

मी त्यांना नाना म्हणतो. तुमच्याकडे ते अण्णा असतील, भाऊकाका असतील, सोसायटीचे माजी सेक्रेटरी असतील. कुणी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला असतो, कुणी टपाल खात्यातून. आमचे नाना बँकेतले. तिजोरीच्या दोन चाव्यांपैकी एक वर्षानुवर्षं त्यांच्या कमरेला होती, आणि दुसरी चावी ज्याच्याकडे असे त्याच्यावर त्यांचा कधीच पूर्ण विश्वास बसला नाही. या जातीच्या माणसाची खूण सोपी आहे. सहलीचा विषय निघाला की बाकीचे 'काय मज्जा येईल' म्हणतात आणि हा चष्मा शोधतो.

त्यांचं सगळं बोलणं 'समजा'ने सुरू होतं. 'समजा, न्यू जलपायगुडीला गाडी सहा तास उशिरा पोचली.' 'समजा, तीस्तेच्या कडेच्या रस्त्यावर दरड आली.' 'समजा, तुझ्या सासूबाईंना वर गेल्यावर धाप लागली.' काकूंनी या सवयीशी केव्हाच तह केलाय. नाना 'समजा' म्हणाले की त्या तिखटमिठाच्या पुऱ्यांची कणीक भिजवायला घेतात. कुठलंही संकट आलं तरी पुऱ्या लागतातच, हा त्यांचा अनुभव.

तर नाथू ला. सिक्कीम आणि तिबेट यांच्या मधली खिंड, उंची 14,140 फूट. गंगटोकपासून रस्ता पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा, सकाळी निघून संध्याकाळी परत. वाचायला किती सोपं! पण तिथे आपल्या मनाने जाता येत नाही. परवाना लागतो, आणि तो नोंदणीकृत एजंटाकडूनच काढावा लागतो. गाडी सिक्कीमचीच लागते. प्रत्येकाचे पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, ओळखपत्र, गाडीतल्या माणसांची यादी. वाटेत चौक्या. वर सैन्य, आणि कुंपणापलीकडेही सैन्य. इतक्या अटी वाचून आपण महाबळेश्वरला जाऊ. नानांच्या चेहऱ्यावर मात्र ते वाचताना जी प्रसन्नता आली, ती मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिली नव्हती.

बटणाची एक पारदर्शक फाइल आली. तिच्यावर स्केचपेनने 'ना.ला.' इतकंच. आत प्रत्येक माणसाचा वेगळा कप्पा आणि प्रत्येक कप्प्यात मूळ ओळखपत्राची दोन झेरॉक्स, मालकाची सही आणि तारीख. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नाव, कारण 'शाई पुढे उमटते'. फाइलच्या शेवटच्या कप्प्यात छोटा स्टेपलर, पिनांची डबी, डिंकाची कांडी आणि शाईचा पॅड. शाईचा पॅड कशाला, असं मी विचारलं. 'समजा, कुणाचा अंगठा लागला?' आमच्यात सगळे पदवीधर आहेत. पण समजा.

सप्टेंबरमध्येच त्यांनी गंगटोकच्या एका एजंटाला फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो. नानांचं हिंदी बँकेच्या राजभाषा सप्ताहात घडलेलं आहे.

'वो नाथू ला का अनुज्ञापत्र, मतलब परमिट, उसके लिए पूछताछ करनी थी.'

'हां अंकल, कब आ रहे हैं? कल?'

'अप्रैल.'

पलीकडे शांतता. मग, अगदी हळू आवाजात, 'अंकल, अभी तो सितंबर चल रहा है.'

'हां, इसलिएच!'

'परमिट एक दिन पहले बनता है, अंकल. आप आ जाइए. सब हो जाएगा.'

नानांनी फोन ठेवला. जगात 'सब हो जाएगा' या वाक्याइतकं त्यांना दुसरं कशाचंही भय वाटत नाही. त्यात परवाना आदल्या दिवशी! सहा-सात महिने चालणाऱ्या कामाचा मुख्य कागद आदल्या संध्याकाळी एका अनोळखी माणसाच्या हातात! बरं, परवाना मिळाला तरी बर्फ पडलं, दरड कोसळली किंवा वर सैन्याच्या मनात आलं की गाडी चांगू तलावावरूनच मागे फिरवतात. नानांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते एक तक्ता घेऊन आले. गंगटोकचा मुक्काम मंगळवार ते शनिवार. मंगळवारी कागद द्यायचे, बुधवारी नाथू ला. बुधवार फसला तर गुरुवार, गुरुवार फसला तर शुक्रवार. शुक्रवारच्या रकान्यात लाल शाईने 'अंतिम'.

मग कागद गोळा करणं आलं, आणि तिथे माणसांची खरी ओळख पटते. काकूंच्या भावाने पॅन कार्ड पाठवलं. पॅन कार्ड या परवान्याला चालत नाही. नानांनी तसं कळवलं. त्याने पॅन कार्डाचाच जास्त स्पष्ट फोटो पाठवला. आधार चालतं असं कुणी सांगत होतं, कुणी नाही म्हणत होतं. अशा वेळी नाना वादात पडत नाहीत, दोन्ही मागवतात. मतदार ओळखपत्र सक्तीचं झालं. त्या निमित्ताने निम्म्या लोकांना कळलं की आपलं मतदार ओळखपत्र नेमकं कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही. एकाचं सापडलं ते गॅसच्या पुस्तकात. त्यावरच्या फोटोत आणि त्याच्या आजच्या चेहऱ्यात इतकं अंतर होतं, की नानांनी त्याला दाढी काढण्याची लेखी सूचना दिली.

सगळ्यांत अवघड निघाला न्यू जर्सीचा पुतण्या. तो मुद्दाम आमच्याबरोबर येण्यासाठी रजा काढणार होता. पण पासपोर्ट अमेरिकेचा. परदेशी नागरिकांना नाथू लाला प्रवेशच नाही. त्यांना फार तर चांगूपर्यंत जाता येतं, तेही वेगळा परवाना काढून. पुतण्या व्हिडिओ कॉलवर कळवळून म्हणाला, 'नानाकाका, माझी मुंज नारायण पेठेत झालीय हो!' नाना गंभीरपणे म्हणाले, 'ते मला मान्य आहे रे. पण चौकीवरच्या हवालदाराला नारायण पेठ कशी दाखवणार?' शेवटी त्याची गाडी वेगळी, एजंट वेगळा, आणि चांगूला दोन्ही तुकड्यांची भेट अशी योजना ठरली. तिचाही एक तक्ता होता.

दरम्यान व्हॉट्सॲपवर 'नाथू ला – फक्त सूचना' नावाचा गट निघाला. त्यात बोलायची मुभा एकट्या नानांना. त्याला कंटाळून बाकीच्यांनी 'नाथू ला – नाना सोडून' असा दुसरा गट काढला. त्यातल्या सगळ्या गोष्टी नानांना काकूंकडून कळत होत्या, पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही. सूचना रोज रात्री साडेनऊला येत. '05:30 उठणे. 05:40 चहा (पहिला). 05:50 ते 06:20 प्रातर्विधी, खोलीत एकच न्हाणीघर आहे याचे भान ठेवावे.' एकदा नुसतंच 'कापूर' एवढं आलं. दहा मिनिटांनी, 'वरचा संदेश अपुरा गेला. प्रत्येकाने कापराची पुडी रुमालात बांधून जवळ ठेवावी. उंचीवर हुंगल्यास बरे वाटते असे अनेक जण सांगतात. डॉक्टर याला दुजोरा देत नाहीत. तरी ठेवावी.'

उंचीचा अभ्यास त्यांनी मन लावून केला होता. गंगटोक साधारण साडेसोळाशे मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईइतकं. तो त्यांचा आवडता मुद्दा. 'गंगटोकला हॉटेलात गादीवर लोळत असशील ना, तेव्हा तू महाराष्ट्राच्या सगळ्यांत उंच टोकावर लोळतोयस. आणि बुधवारी दुपारच्या आत तिथून आणखी अडीच हजार मीटरहून जास्त वर जायचंय. आता बोल, नाश्त्याला पुरीभाजी खाणार?' मला खरंतर खायची होती. पण असं विचारल्यावर माणूस टोस्टवर येतो. वर धावायचं नाही, पायऱ्या भराभर चढायच्या नाहीत, पाणी घोट घोट प्यायचं, हे आम्हाला इतकं पाठ करवलं होतं की सासूबाई डोंबिवली स्टेशनचा जिनासुद्धा थांबत थांबत चढायला लागल्या होत्या.

मंगळवारी संध्याकाळी गंगटोकला एजंटाचा मुलगा कागद न्यायला हॉटेलवर आला. खिशात हात, कानात हेडफोन. नानांनी फाइलचं बटण उघडलं. एकेक कप्पा, एकेक नाव, फोटो दोन, झेरॉक्स दोन, मूळ प्रत पडताळणीसाठी. त्या मुलाने हेडफोन काढला. त्याच सोफ्यावर कोलकात्याहून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. त्यांचेही एक नाना होते, माकडटोपी घातलेले, हातात तशीच फाइल. दोघांची नजरानजर झाली. बंगाली नानांनी आमच्या नानांच्या कप्प्यांकडे पाहिलं, पिनांच्या डबीकडे पाहिलं, आणि मान किंचित लववली. भाषेची अडचण आलीच नाही. पुढचा अर्धा तास ते दोघे शुक्रवारच्या हवामानावर बोलत होते.

परवाना सकाळी ड्रायव्हरच्या हातात आला. बोलेरो निघाली. शहर संपता संपता तिसऱ्या मैलाची चौकी लागली. गाड्यांची रांग, ड्रायव्हरांची धावपळ, कुणाच्या यादीत एक नाव कमी, कुणी ओळखपत्र हॉटेलात विसरलेला. आम्ही सगळे वैतागून घड्याळं बघत होतो. एकटे नाना ताठ बसले होते, फाइल मांडीवर. पोलीस खिडकीशी आला, यादी बघितली आणि एकाचं ओळखपत्र मागितलं. नानांनी मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स पुढे केली.

'अंकल, एक ही काफी है.'

'रख लीजिए,' नाना म्हणाले. आवाज थोडा कापरा झाला होता.

मला तेव्हा उमगलं की आपण या माणसाला उगाच हसतो. चाळीस वर्षं घरच्यांनी त्यांच्या याद्यांची टर उडवली होती. लग्नकार्यात, देवदर्शनाला, साध्या अलिबागच्या बोटीला जातानासुद्धा 'नाना, कशाला एवढं?' हेच ऐकावं लागलं. आणि इथे, पूर्व हिमालयात, भारत सरकार स्वतः रस्त्यावर उभं राहून विचारत होतं की यादी कुठाय, फोटो किती, मूळ प्रत दाखवा. कुणीतरी त्यांच्याच सुरात बोलत होतं.

रस्त्याचं वर्णन मी करत बसत नाही. तो सीमा सडक संघटनेने राखलेला आहे आणि जिथे तुटलेला असतो तिथे माणसं तो जोडत असतात. चांगूला न्यू जर्सीचा पुतण्या ठरल्या वेळेच्या आधी येऊन याकवर बसला होता. नानांनी गाडीतूनच त्याला घड्याळ दाखवून शाबासकी दिली. पुढे शेराथांग लागलं. 6 जुलै 2006 ला, चव्वेचाळीस वर्षांनी, इथून तिबेटशी व्यापार पुन्हा सुरू झाला होता. नानांनी तारखेसकट सांगितलं, पण गाडीत सगळे पुऱ्या खात होते.

वर मोबाइल काढायला मनाई. नानांच्या तक्त्यात 'फोटो : 0 मि.' असंच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांना त्रास झाला नाही. बाकीच्यांना फार झाला. आम्ही पायऱ्या थांबत थांबत चढलो. सासूबाई सगळ्यांच्या पुढे होत्या, तालीम फळाला आली होती. आणि मग ते कुंपण. साधं काटेरी तारेचं, हात लांब केला तर लागेल असं, आणि त्याच्या पलीकडे चीनचे जवान, त्यांची इमारत, त्यांचा झेंडा. 1967 च्या सप्टेंबरात याच कुंपणावरून लढाई पेटली. आपले सैनिक तार ओढत होते आणि पलीकडून मशीनगन सुरू झाली. सिक्कीम तेव्हा भारतात आलेलं नव्हतं, ते आलं 1975 साली. नानांनी हे हळू आवाजात सांगितलं, आणि या वेळी सगळ्यांनी ऐकलं. मग त्यांनी मनगट वर केलं.

'आपले अकरा वाजलेत. त्यांच्याकडे दीड.' चीनचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. नाना कुंपणापलीकडे बराच वेळ बघत राहिले. सगळा देश आपल्याआधी अडीच तास! शत्रू असला तरी काही गोष्टी मान्य कराव्या लागतात, असा भाव होता.

तेवढ्यात एका जवानाने आमचं बोलणं ऐकून 'कुठले?' विचारलं. तो सातारकडचा निघाला. मग काय, काकूंचे डोळे पाणावले, मेहुण्याने 'भारतमाता की' सुरू केलं. नानांनी त्याच्या जवळ जाऊन विचारलं, 'गावी कधी जाणार? आरक्षण झालं का? साठ दिवस आधीच उघडतं हल्ली, लक्षात ठेव बाळा.' तो हसला. म्हणाला, 'रजा कधी मंजूर होईल ते आधी कळत न्हाई काका. निघायचं म्हटलं की निघायचं. कदी मिळतंय तिकीट, कदी उभ्यानंच.' नानांना पुढे काही सुचेना. समजासुद्धा म्हणता येईना. त्यांनी पिशवीतून भडंगाचा राखीव पुडा काढला, जो परतीच्या प्रवासात दरड कोसळल्याशिवाय फोडायचा नाही असा कडक नियम होता, आणि त्याच्या हातात दिला. काकू मला म्हणाल्या, 'पस्तीस वर्षांत राखीव पुडा कुणाला दिलेला बघितला नाही.'

तिथून बाबा मंदिर. पंजाब रेजिमेंटचे हरभजनसिंग 1968 साली इथल्या डोंगरात ड्यूटीवर असताना गेले, आणि ते अजून सीमेवर पहारा देतात असं जवान मानतात. त्यांची खोली आहे, पलंग आहे, गणवेश आहे. नाना नेहमीच्या शिस्तीत पाया पडले. पण ड्रायव्हरने सांगितलं की पूर्वी दरवर्षी सप्टेंबरात बाबांच्या नावाने पंजाबच्या गाडीचं आरक्षण केलं जायचं, बरोबर जवान असायचे, सामान गावी पोचवलं जायचं आणि रजा संपली की परत आणलं जायचं. नाना एकदम थांबले. 'कन्फर्म?' त्यांनी विचारलं. 'हां अंकल, बर्थ.' नाना पुन्हा आत गेले आणि आणखी एकदा, या वेळी मनापासून, पाया पडून आले.

बुधवारीच सगळं पार पडल्यामुळे गुरुवार आणि शुक्रवार रिकामे झाले. राखीव दिवसांचं करायचं काय, हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं. आम्ही एम. जी. मार्गावर हुंदडलो, मोमो खाल्ले. नाना हॉटेलात बंगाली नानांबरोबर बसले. शुक्रवारी संध्याकाळी खाली आले ते हातात नवा कागद घेऊन. तवांगजवळची बुम ला खिंड. अरुणाचलचा परवाना घरबसल्या आधी काढता येतो, आणि खिंडीचा वेगळा, तो तवांगला गेल्यावर. 'दोन परवाने लागतात,' नाना म्हणाले. त्या आवाजातला आनंद मला इथे लिहून दाखवता येत नाही.

तर तुम्ही नाथू लाला जाणार असाल तर बुधवार ते रविवार जा. दोन फोटो घ्या, मतदार ओळखपत्र मूळ घ्या, पॅन कार्ड घरीच ठेवा. आणि घरातल्या नानांनी काही कागद मागितले असतील तर ते आज रात्रीच देऊन टाका. नाहीतर सकाळी सहाला त्यांचा फोन येणार आहे, आणि तो पहिल्या रिंगला उचलला नाही तर ते स्वतः येतील.